दोन चुली, पाच मुठी

आमच्या घरात दुसरी चूल मांडली गेली तेव्हा घरात भांडण नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे "त्यांची चूल वेगळी झाली" म्हटलं की ऐकणारा आवाज खाली करतो आणि "कशावरून?" असं विचारतो. आमच्याकडे कशावरूनच नव्हतं. लढाई चालू होती, कापूस आणि सूत नानांनी कधी पाहिला नव्हता अशा भावाने जात होतं, आणि खांडव्याहून इन्कम टॅक्सच्या नोटिसा येत होत्या. एकत्र कुटुंब असलं की दोन्ही भावांची कमाई एकाच माणसाची धरून तिला वरचा दर लावत. भाऊ वेगळे झाले आहेत हे सरकारने मानलं, तर तीच कमाई दोन ठिकाणी विभागली जाई आणि दोघांचाही दर खाली येई. वकीलसाहेबांनी हे माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, आणि बापूकाकांना दोन दुपारी बसून समजावलं. शेवटी म्हणाले, "वाटणीचा कागद मी करतो, शेठ. पण नुसत्या कागदावर टॅक्सचा साहेब मानत नाही. तो घरात येतो, आणि चूल पाहतो."

आमचं घर गावाबाहेर लालबागला, स्टेशनच्या बाजूला, आमच्याच कापसाच्या जिनच्या आवारात होतं. नानांनी ते नुकतंच बांधलं होतं. फरशी सिमेंटची होती आणि वरच्या मजल्याच्या गिलाव्याला अजून ओला वास येई. हंगामात सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचा घरघराट पहाटेपासून चाले आणि कापसाचे तंतू वरणावरसुद्धा तरंगत. उन्हाळ्यात जिन बंद झाली की घराला आपलेच आवाज ऐकू येऊ लागत. रहाटाची करकर, भाकरी थापल्याचा आवाज, शंटिंग करणाऱ्या इंजिनाच्या शिट्ट्या. त्या शांततेत, वैशाखात, माय आणि काकींनी मिळून वरच्या खोलीत माती कालवली. दोघी जावा कोपरापर्यंत चिखलात होत्या आणि हसत होत्या. काकी म्हणाल्या, "जाऊबाई, चार बोटं इकडं सरकवा. मले वेगळंच व्हायचं आहे तर जरा हवेशीर होऊ द्या."

चूल वापरातली दिसायला हवी होती. म्हणून काकी रोज सकाळी वर जाऊन पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ करत, त्यावर रिकामं पातेलं ठेवत, आणि चूल पुरेशी काळी झाली असं वाटलं की खाली येऊन मायच्या शेजारी भाकरी थापायला बसत. रिकाम्या पातेल्याखाली जाळ घालणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. रेशनची कार्डं दोन झाली, त्यामुळे साखर जास्त मिळू लागली, आणि त्या वर्षी आमच्याकडे दोनदा दराबा झाला. तुपात भाजलेला रवा घोटता घोटता माय म्हणाली होती, "वेगळं होण्यात चव आहे वो." बापूकाका पानावर बसले की मला विचारत, "मॅडमबाई, आज आम्ही वेगळे का एकत्र?" मी खाली मान घालून म्हणे, "अर्जाप्रमाणे वेगळे." सगळे हसत. मीही हसत असे, पण माझ्या हसण्यात थोडी भीती असे, कारण तो अर्ज माझ्या अक्षरात होता.

मी खांडव्याच्या मिशनच्या शाळेत, बोर्डिंगमध्ये राहून, इंग्रजीतून मॅट्रिक झाले होते. वकीलसाहेबांच्या कारकुनाचं अक्षर लागत नसे, आणि घरची गोष्ट बाहेरच्या हातात जायला नको, म्हणून मजकूर वकीलसाहेब सांगत आणि सुवाच्य प्रत मी काढे. त्यात एक वाक्य होतं की दोघे भाऊ अन्न, पूजा आणि मिळकत या तिन्हींत वेगळे आहेत. 'पूजा' हा शब्द लिहिताना माझा टाक थांबला होता. अन्नाची चूल झाली होती, मिळकतीचा कागद झाला होता, पूजेचं कुणी काहीच केलं नव्हतं. पण वकीलसाहेब पुढचं वाक्य सांगत होते, आणि मोठ्या माणसाला मध्ये थांबवून विचारणारी मुलगी मी नव्हते. त्याच अर्जात कुटुंबातल्या पुरुषांची यादी होती. नानांच्या घरात नाना आणि माझा भाऊ वसंत. काकांच्या घरात काका आणि त्यांचे दोघे मुलगे. मुलींचा रकाना नव्हता. स्वतःला वगळून स्वतःच्याच घरातली माणसं मी फार सुंदर अक्षरात लिहून काढली.

मला नागपूरला कॉलेजात जायचं होतं. दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. नाना नाही म्हणाले नव्हते. ते म्हणाले, "सुमन, हा मामला मिटू दे. हुकूम आला की त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी पेटी बांधू. आत्ता तू गेलीस तर साहेबाशी बोलणार कोण? साहेब मद्रासकडचा आहे, त्याची हिंदी आपल्याला कळत नाही नी आपली त्याला." कॉलेज सुरू होण्याचा तो जून तसाच गेला. माझ्याबरोबरच्या दोघी गेल्या, त्यांची पत्रं आली. मी ऑफिसच्या खोलीत, आवारातल्या कडुनिंबाकडे तोंड करून, साहेबांच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करत होते. नाना प्रश्न मराठीत विचारत आणि मी इंग्रजीत उत्तर देई. दूध कुणाकडे किती येतं, दळण कुठे जातं, वाटणी कोणत्या दिवशी झाली, भांडी कशी वाटली. नानांना इंग्रजी कळत नसे, पण उत्तर अडखळत आलं की ते हात वर करत, "फिरून." शाळेत बायबलचे उतारे पाठ करून घेत, तशी मी आमची वाटणी पाठ केली. शिकवलेली मुलगी घरातून बाहेर पडते असं लोक समजतात. माझ्या शिक्षणाने तेव्हा माझ्यामागे दार लावून घेतलं होतं, आणि आत सगळे माझ्याशी फार प्रेमाने वागत होते. त्या प्रेमाची मला आजही तक्रार करता येत नाही, आणि तेव्हा तर श्वास घेता येत नव्हता.

साहेबांनी चौकशी आमच्या दारापासून सुरू केलीच नाही. ते आधी गवळ्याकडे गेले, मग चक्कीवर, मग आमचे कपडे नेणाऱ्या धोब्याकडे. गवळी संध्याकाळी येऊन नानांना म्हणाला, "शेठजी, मैंने बोल दिया, दो घर का दूध अलग नापता हूँ." आणि मग तो उगाच उभा राहिला. नानांनी त्याला काहीतरी दिलं. मग निरोप आला की साहेब सोमवारी घर पाहायला येतील.

ते आले शुक्रवारी. श्रावण होता. नागपंचमी होऊन गेली होती आणि रविवारी आमच्याकडे कानबाई बसायची होती. ज्यांच्याकडे कानबाई नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की त्या दिवशी देवीपुढे गव्हाचे रोट ठेवतात आणि ते फक्त घरच्यांनीच खायचे असतात, शेजाऱ्याला तुकडासुद्धा देत नाहीत. रोटासाठी गहू घ्यायचे ते मापाने घेत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन एकेक मूठ आणि वर चिमूट सुपात टाकायची, आणि मगच ते गहू जात्यावर जायचे. एखाद्या जित्या माणसाचं नाव राहिलं तर ते त्याच्या आयुष्याला वाईट. आणि नावं घ्यायला सुरुवात केली की मध्ये उठायचं नाही, दुसरं काही बोलायचं नाही. नाना त्या दिवशी शहापूरला शेतावर गेले होते, काका आवारात यंत्रांना तेल घालून घेत होते. स्वयंपाकघरात माय पाटावर बसली होती, काकी गव्हाची परात धरून होत्या, आणि पडवीत बुटांचा आवाज आला.

साहेब बारीक, काळेसावळे, चाळिशीचे होते. सोबत शिपाई, आणि खांद्याला पिण्याच्या पाण्याची स्वतःची बाटली. आमच्या घरचं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नाही. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येताच त्यांनी कुणी न सांगता बूट काढले, आणि त्यामुळे मला त्यांचा राग करणं अवघड झालं. काकींनी परात खाली ठेवली आणि त्या मागच्या जिन्याने वर पळाल्या. साहेबांनी आधी वरची चूल पाहायची आहे म्हणून सांगितलं. मी जितकं हळू चालता येईल तितकं हळू जिना चढले. वर गेलो तर काकींनी पावसात भिजलेल्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या आणि खोलीत धुराशिवाय काही दिसत नव्हतं. साहेब खोकले. काकी पदराने डोळे पुसत हिंदीत म्हणाल्या, "आमटी चढाई है, साहब." साहेबांनी पातेल्याचं झाकण उचललं नाही. नुसतं पातेल्याला बोट लावून पाहिलं, आणि खाली चला म्हणाले.

खाली माय होती तशीच बसली होती. तिने साहेबांना पाहिलं, ते तिला पाहत आहेत हेही पाहिलं. पण मूठ परातीत गेलेली होती. ती मोठ्याने, देवीला ऐकू जावं तसं, एकेक नाव घेत राहिली. नानांचं नाव ती घेत नसे, त्यांच्यासाठी "घरधनी" म्हणाली. मग काकांचं पूर्ण नाव, वसंताचं, काकांच्या दोघा मुलांचं. साहेबांना मराठी येत नव्हती, पण ही नावं त्यांनी माझ्याच अक्षरात वाचली होती. ते माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत विचारलं, "तुमची आई काय करते आहे?"

हा प्रश्न नानांनी मला विचारलेला नव्हता. पाठ केलेल्या उत्तरांत तो कुठेच नव्हता. आणि इंग्रजीत प्रश्न आला की पूर्ण वाक्यात, क्रियापद जागेवर ठेवून, खरं उत्तर द्यायचं, ही एकच गोष्ट मला सात वर्षं शिकवलेली होती. मी हात बाजूला सरळ सोडले, शाळेत सोडत असे तसे, आणि म्हणाले, "सर, माझी आई आमच्या कुटुंबातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एक मूठ गहू घेत आहे."

"किती मुठी?"

"पाच, सर."

"आणि अर्जात तुमच्या वडिलांच्या कुटुंबात पुरुष किती?"

"दोन."

त्यांनी लिहून घेतलं. घाई केली नाही, विजयही दाखवला नाही. बूट घालताना विचारलं, कितवीत आहे. मी सांगितलं, मॅट्रिक झाले, नागपूरला जायचं आहे. ते म्हणाले, "जरूर जा. तुमचं इंग्रजी फार स्वच्छ आहे." मला वाटतं ते मनापासून म्हणाले. माझ्या उत्तराचं त्यांनी काय केलं होतं ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

माय सुपातले गहू सारखे करत होती. शेवटचं नाव झाल्यावर बोलायला मोकळी झाली तेव्हा तिने विचारलं, "काय विचारून राह्यला होता?" मी म्हटलं, "कसले गहू, असं." "मग तू?" "मी सांगितलं, देवीचे." गहू देवीचे होते, एवढंच त्यात खरं होतं. रविवारी कानबाई बसली, सगळ्यांनी एकाच पंगतीत रोट खाल्ले, आणि मी प्रत्येक घासाला पाणी प्याले.

नोटीस आली ती पावसाळा सरत आल्यावर. साहेबांनी लिहिलं होतं की कुटुंबाची पूजा एकत्र असल्याचं प्रत्यक्ष दिसलं आहे, वाटणी खरी का मानावी याचा खुलासा करा. नानांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, वाच. नाना, काका, माय, काकी सगळे उभे होते. कागदात एके ठिकाणी होतं, 'मालकाच्या कन्येने समजावून सांगितल्याप्रमाणे'. एवढेच शब्द मी वाचले नाहीत. आधीचं वाचलं, पुढचं वाचलं, आणि वाक्य मराठीत इतकं नीट जुळलं की कुणाला तिथे भोक पडलेलं दिसलं नाही.

नाना मायकडे वळले. "एवढ्या मोठ्यानं नावं घ्यायची काय गरज होती? साहेब बहिरा होता का देवी?"

माय म्हणाली, "तोंडातल्या तोंडात नाव घेत नाहीत."

"चार दिवस थांबली असती."

"कानबाई थांबते का?"

"मग आता टॅक्स भर तुझ्या कानबाईच्या हातानं." नाना आवाज चढवणारे नव्हते, तेव्हाही चढवला नाही. पण त्यानंतर दोन महिने ते मायशी फक्त "पाणी" आणि "ताट" एवढंच बोलले. आणि मायने एकदाही म्हटलं नाही की साहेबाने विचारलं ते पोरीला, लिहून घेतलं ते पोरगी बोलल्यावर. ती तिथेच बसलेली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, डोळे होते. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं असतं तर मी बोलले असते असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता या वयात तसं वाटत नाही. मी बोलले नसतेच. बोलले असते तर नागपूर गेलं असतं.

वकीलसाहेबांनी शेवटी तोड काढली. मायने शपथेवर लिहून द्यायचं. मी कानबाईची शपथ घेऊन सांगते की माझ्या दिराचं घर आमच्यापासून वेगळं आहे, त्यांचे रोट वेगळे होतात, आणि त्या दिवशी मी घेत होते त्या मुठी दोन घरांच्या दोन वेगळ्या नैवेद्यांच्या होत्या. इंग्रजीत. सुवाच्य प्रत अर्थात मीच काढली. नाना म्हणाले, "तिला एवढं सगळं सांगत बसू नको. जिनचा कागद आहे म्हण नी अंगठा घे. हे झालं की येत्या जूनमध्ये तू नागपूरला."

माय मागच्या ओट्यावर मिरच्यांचे देठ काढत होती. मी कागद आणि शाईची डबी घेऊन तिच्याशेजारी बसले. जिनचा कागद आहे, एवढंच म्हणायचं होतं. तिने हात पुसून अंगठा पुढे केलासुद्धा. पण एकदा तिच्यासमोर शब्द गाळले होते, आणि पुन्हा तेच करायला जीभ उचलेना. मी सगळं वाचलं. एकेक वाक्य, मराठीत, काही न सोडता.

मायने पुढे केलेला अंगठा मागे घेतला. मग म्हणाली, "यात कानबाईचं नाव आहे?"

"हाव."

"तू लिहिलं?"

"हाव."

"दाखव कुठी."

मी बोट ठेवलं. तिने त्या अक्षरांवरून आपलं बोट फिरवलं, जसं काही ती उठून दिसत होती. मिरचीच्या तिखटाने माझे डोळे चुरचुरत होते, ती शांत होती.

"नी यावर अंगठा दिला म्हणजे तू नागपूरला जाशील?"

अजूनही मला त्या वेळी काहीतरी वेगळं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "हाव."

तिने अंगठा दिला. दाबून, नीट, कडा न फिसकटू देता. मग उठली, हात धुतले, कोठीतून मोठी सुपं काढली आणि गहू, ज्वारी, तुरीची डाळ, मीठ, तेलाची बरणी असं एकेक करून जिन्यावरून वर नेऊ लागली. मी मागून धान्य उचलून देत होते. काकी वरच्या चुलीसमोर रिकामं पातेलं घासत होत्या.

"हे काय, जाऊबाई? साहेब परत येऊन राह्यले का?"

"नाही. आता नाही येत."

"मग हे कायले?"

"तुमचं आहे. अर्धं." माय डाळ ओतत राहिली. "मी अंगठा देऊन बसली. कानबाईच्या नावाचा."

काकी हसू लागल्या, मग मायचं तोंड पाहून थांबल्या. "अवो, ते त साहेबाले फसवायचं होतं नी. मले कायले वेगळं करता?"

"साहेबाला फसवता येते," माय म्हणाली.

काकींनी माझ्याकडे पाहिलं. "सुमन, तू शिकलेली आहे माय. समजाव हिले."

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर मिठाचं मडकं घेऊन उभी होते. मी ते खाली ठेवलं. त्या दिवशी काकींच्या पातेल्यात पहिल्यांदा काहीतरी शिजलं. नानांनी आधी ते मायचं सोंग समजून वाखाणलं, मग आठ दिवसांनी म्हणाले, इतकं खरं नको करू. मायने त्यांना ताट वाढलं. काकांनी चार वेळा जेवायला खाली येऊन पाहिलं, पाचव्या वेळी आले नाहीत. भांडण कुणाचंच झालं नाही. पुढे वाटणीचा कागद काकांच्या कपाटात गेला आणि त्यांनी तो कधी परत दिला नाही. जिनसुद्धा मग खरोखरच दोन झाल्या.

उन्हाळ्यात हुकूम आला. सरकारने वाटणी मान्य केली होती. मी तो वाचून दाखवला. या वेळी गाळण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझी पेटी बांधली गेली, नाना शब्दाचे पक्के होते. जूनमध्ये मी नागपूरला गेले. वसतिगृहात माझी खाट खिडकीपाशी होती, मुली चांगल्या होत्या, आणि मी पहिले दोन महिने कुणालाही घरात किती माणसं आहेत ते सांगितलं नाही. श्रावण संपता संपता नानांचं पत्र आलं. पावसाचं होतं, वसंताच्या तापाचं होतं, जिनच्या नव्या पट्ट्याचं होतं. खाली लिहिलं होतं, कानबाई यथासांग पार पडली, दोन मुठींचे रोट दुपारीच संपले, घरी आम्ही तिघेही खुशाल आहोत.